पाळणा हलण्यापूर्वीचे तीन महिने

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या वर्षीच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. निवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे तो मुलांच्या अभ्यासावर, नाही तर संस्कारांवर बोलणार, असा त्यांचा समज असावा. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांचा दूरध्वनी आला. 'गुरुजी, सभेला स्त्रिया असतात, जरा विचार व्हावा,' असे ते म्हणाले. आम्ही विचार केला, आणि स्त्रिया असतात म्हणूनच हा विषय कायम ठेवला. कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली देह ठेवीपर्यंत चालविले. त्यापायी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांच्या धैर्याचा शतांशही आमच्या अंगी नाही. परंतु ज्या गोष्टी आपल्या घराघरांतून दार लोटून कुजबुजल्या जातात, त्या वर्षातून एकदा तरी सर्वांसमक्ष सरळ बोलल्या जाव्यात, असे आम्हांस वाटते. आम्ही वैद्य नव्हे, मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक आहोत. जे सांगणार आहोत ते वाचून, विचारून आणि आपल्याच ज्ञातीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञ कन्येकडून तपासून घेतलेले आहे.

प्रथम घरची गोष्ट. आमच्या धाकट्या भगिनीचा विवाह १९८२ साली झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. दोन वर्षे गेली, चार गेली, पाळणा हलला नाही. मग सोळा सोमवार झाले, नवस झाले, जेजुरी झाली. गावातल्या बारशांची आमंत्रणे तिला येईनाशी झाली. हळदीकुंकवास गेली तर ओटी भरताना तिला हळूच बाजूस बसवू लागले. १९८८ साली तिला माहेरी आणून सोडले. पुढे रीतसर फारकत झाली, जावयांनी दुसरा विवाह केला आणि त्या घरीही मूल झाले नाही. पुरुषाची वीर्यतपासणी त्या काळीही जिल्ह्याच्या गावी होत होती, खर्चही किरकोळ होता. ती एकदा करून घ्या, असे जावयांना सांगण्यास आम्ही, तिचे वडील बंधू, चार बुके शिकलेले शिक्षक, गेलो नाही. आम्हांस लाज वाटली. भगिनी आमच्याच घरी असते. आज ती येथे समोर बसली आहे. हे भाषण लिहिताना आम्ही तिला विचारले, तेव्हा 'दादा, तू सांग' एवढेच ती म्हणाली.

सुश्रुताचार्यांनी गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत आणि बी रुजण्याचा दृष्टांत दिला आहे. आपण शेतकरी माणसे, आपल्याला हे समजावून सांगावयास नको. पेरणी फसली तर आपण पाऊस पाहतो, जमीन पाहतो आणि बियाण्याची पिशवीही फिरवून पाहतो. घरात मात्र चारांपैकी एकालाच, म्हणजे क्षेत्रालाच, बोल लावून मोकळे होतो. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, ज्या जोडप्यांना मूल होण्यास अडचण येते त्यांतल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर, असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मूल हवे असे ठरल्यानंतर दिवस जाण्यापूर्वीचे तीन महिने हाच खरा मशागतीचा काळ आहे, आणि तो पतिपत्नी दोघांनाही लागू आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्याजोगे होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. स्त्रीबीजाच्या अखेरच्या वाढीसही साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे आज जे बीज मिळणार ते गेल्या तिमाहीच्या अन्नावर, झोपेवर आणि व्यसनांवर पोसलेले असते. शिवाय गर्भातील ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू तयार होतो, ती गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आतच मिटते. तेव्हा मातेची पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. पुष्कळ घरांत तोवर सासूला सांगितलेलेही नसते. 'दिवस राहिले, आता चांगले खा,' हा आपला जुना उपदेश प्रेमाचा खरा, परंतु तो एक तिमाही उशिरा येतो.

ही नळी नीट मिटावी म्हणून जे जीवनसत्त्व लागते त्याचे नाव फॉलिक आम्ल. त्याची हकीकत आपल्या मुंबईतली आहे आणि ती फारशी कोणास ठाऊक नसते, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळदा दगावत. हा एखादा जंतू असावा असे काहींना वाटे. विल्सबाईंनी त्या स्त्रियांच्या खोल्यांतून त्या खातात काय हे पाहिले. अन्नात भाजीपाला, फळे, दूध यांचे नाव नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी तसाच निकृष्ट आहार प्रयोगातील प्राण्यांना दिला आणि तेही तसेच पांढरे पडले. मग यीस्टचा एक स्वस्त अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात, तो दिल्यावर प्राणी सुधारले आणि आजारी स्त्रियाही चारसहा दिवसांत टवटवीत दिसू लागल्या. हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण कशाचा, हे मात्र तेव्हा उमगले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत सुमारे चार टन पालक कुटून त्यातून ते द्रव्य काढण्यात आले आणि लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. पुढे १९९१ साली सात देशांतील एका मोठ्या प्रयोगाने दाखविले की, ज्या मातांना पूर्वी मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांनी हे आम्ल दिवस जाण्यापूर्वीपासून घेतले तर ते व्यंग पुन्हा होण्याचा संभव जवळजवळ तीनचतुर्थांशाने कमी होतो. परळच्या चाळीत सुरू झालेल्या या शोधाची गोळी आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. मूल हवे असणाऱ्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅमची एक गोळी निदान महिनाभर आधीपासून सुरू करावी आणि गर्भाचे बारा आठवडे पुरे होईतो घ्यावी. जिला मधुमेह आहे, अथवा जिच्या पूर्वीच्या बाळात असे व्यंग होते, तिला अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनी ठरवावयाची.

पण केवळ गोळीने भागत नाही, असे पुण्याचा अनुभव सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. ज्या माता गरोदरपणी पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे अंगाने भरलेली होती. याच अभ्यासात असेही दिसले की, पुष्कळ मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते. फॉलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ अपुरे अशा मातांच्या मुलांत, सहाव्या वर्षीच, पुढे मधुमेहाकडे नेणारी चिन्हे अधिक आढळली. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. आपल्या ज्ञातीत माळकरी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांची माळ आम्हांस वंद्य आहे. परंतु माळकरी घरातील सुनेच्या वाटीत दही पडते की सगळे दूध चहात आणि डेअरीवर जाते, हे त्या घराने पाहावे, आणि एकदा ब-१२ ची रक्ततपासणी करून कमी असल्यास डॉक्टरी सल्ल्याने ते भरून काढावे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. त्याचे नाव 'सरस'. सहा हजारांवर स्त्रियांना दिवस राहण्यापूर्वीपासून रोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. निम्म्यांच्या पदार्थात पालेभाजी, फळे आणि दूध होते, निम्म्यांच्यात कांदाबटाट्यासारख्या भाज्या होत्या. २०१४ साली निष्कर्ष आले. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फरक पडला नव्हता. परंतु ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून तो पौष्टिक पदार्थ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भरली. अंगाने अगदी रोडावलेल्या मातांना मात्र हा लाभ झाला नाही. रोज एक वाटी वाढवून त्यांची तूट भरण्यासारखी नव्हती. आणखी एक गोष्ट अशी की, गरोदरपणी होणारा मधुमेह एका गटात शंभरांत सुमारे १२ जणींना, तर पौष्टिक गटात सुमारे ७ जणींना झाला. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. आम्हांस त्या आकड्यापेक्षा 'तीन महिने आधीपासून' हे शब्द मोलाचे वाटतात.

आता पुन्हा घरी येऊ, कारण उपदेश करणाऱ्याचे स्वयंपाकघर आधी पाहिले पाहिजे. आमच्या चिरंजीवांचा विवाह २०१४ साली झाला. तीन वर्षांत काही घडले नाही, तेव्हा आमच्या सौ.नी भक्तिभावाने सुनेकडून सोमवार, संकष्टी, एकादशी आणि मार्गशीर्षातले गुरुवार सुरू करविले. २०१७ साली आम्ही सर्वजण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी यंत्राकडे हात नेला नाही. 'काल दिवसभरात तू काय काय जेवलीस?' असे सूनबाईंना विचारले. ती आमच्याकडे पाहू लागली. सकाळी चहा आणि बटर, दुपारी सर्वांचे झाल्यावर दोन पोळ्या आणि पातेल्याला लागलेली भाजी, रात्री भात आणि आमटीचे पाणी. आदल्या दिवशी उपास, म्हणजे साबुदाणा. तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. ते १२ च्या खाली नसावे. आमच्या सौ. सहजपणे म्हणाल्या, 'मी जेवले तशीच ती जेवते.' त्यात खोटे काहीच नव्हते. चाळीस वर्षे आमच्या घरातील गृहिणी शेवटी आणि उरलेले जेवत होती, आणि आम्ही पंक्तीत बसून आरोग्याचे धडे तपासत होतो. २०१९ ते २०२१ या काळातील सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांतल्या चौपन्न जणी रक्तक्षयी आढळल्या. त्यांतली एक आमच्या घरची असणारच.

उपासाविषयी आम्ही अनादराने बोलत नाही. परंतु साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नाही, आणि रक्त कमी असलेल्या स्त्रीने आठवड्याचे दोनतीन दिवस त्यावर काढावे हे देवालाही मानवणार नाही. ज्या घरी उपास सोडवत नाही तेथे राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे, दूध, दही, खजूर, फळे ही उपासालाच चालणारी चीजवस्तू आहे. सूनबाईंसाठी आम्ही काही विलायती आणले नाही. मेथी, राजगिरा, चाकवत, शेवग्याचा पाला, बाजरी आणि नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलगे, तिळाची चटणी, रोज अंडे किंवा वाटीभर दही. भाजीवर लिंबू पिळावयाचे, आवळा किंवा पेरू खावयाचा, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घ्यावयाचा नाही, कारण चहा ते लोह अडवितो. एवढे रक्त कमी असता केवळ अन्नाने भागत नाही, म्हणून लोहाच्या गोळ्याही दिल्या. आणि सर्वांत अवघड सुधारणा ही की, सर्वांनी एका वेळी बसावयाचे. ते न जमल्यास तिच्या वाट्याची भाजी आधी वाटीत काढून ठेवावयाची. पहिला महिनाभर ती वाटी ती स्वतःच कोणाच्या तरी ताटात उपडी करीत असे.

आता पुरुषवर्गाने क्षमा करावी. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी चिरंजीवांनाही तपासणीची चिठ्ठी दिली. आम्हांस राग आला, हे कबूल करतो. भगिनीची हकीकत पदरी असूनही आला. चिरंजीव त्या वेळी दिवसाला तंबाखूच्या तीनचार पुड्या संपवीत असत. शुक्रजंतूंची संख्या पुष्कळ कमी निघाली. तंबाखूमुळेच हे झाले असे बाई म्हणाल्या नाहीत, पण प्रथम ती सोडा, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असे म्हणाल्या. त्यांनी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्या खेपेस सुटली. तंबाखू चघळली, ओढली अथवा दातांना लावली तरी ती बीजाला बाधते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि कोणत्या टपरीवर मिळतो हे सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे. मशेरी लावणाऱ्या भगिनींनीही कान द्यावा: मुंबईतच केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. वर सांगितलेले ४८ ग्रॅम मिळवावयाचे आणि मशेरीने १०५ घालवावयाचे, हा हिशेब चौथीच्या मुलालाही पटणार नाही. मद्याविषयी आम्ही वेगळे काही सांगत नाही. या काळात दोघांनीही ते वर्ज्य करावे.

तरुणांत हल्ली एक नवे व्यसन शिरले आहे. व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी जी संप्रेरकांची इंजेक्शने मिळतात, त्यांनी शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. बाहेरून भीम आणि आतून कोरडा, अशी स्थिती होते. शिवाय पुरुषाच्या बीजग्रंथींना शरीराहून दोनचार अंश थंडावा लागतो. भट्टीपुढे काम करणारांनी, तासन् तास मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारांनी हे ध्यानी ठेवावे.

अंगाने स्थूल असलेल्या आणि पाळी लांबत असलेल्या मुलींविषयी थोडेसे. शंभर किलोची बाई पन्नासची व्हावी, असे कोणी म्हणत नाही. वजनाचा विसावा ते दहावा हिस्सा उतरला तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते आणि स्त्रीबीज सुटू लागते. रोज अर्धा तास भरभर चालणे, बिस्किटे, फरसाण आणि साखरेची पेये सोडणे, रात्री वेळेवर झोपणे, एवढ्याने आरंभ होतो. मधुमेह वा थायरॉईडचा विकार असेल तर तो आधी आटोक्यात आणावा आणि मगच मुलाचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे, कारण नोकरीपायी आपली पुष्कळ जोडपी महिन्यातून एकदोनदाच एकत्र येतात. पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी स्त्रीबीज सुटते; तो दिवस आणि त्यापूर्वीचे पाच, एवढेच दिवस फलदायी असतात. चिरंजीवांना रात्रपाळी होती, सुट्टीचा वार ठरलेला होता, आणि वर्षभर दोन्हींचा मेळ बसत नव्हता. हे कॅलेंडरवर मांडून दाखविण्यास कोणतेही औषध लागत नाही.

२०१९ साली आमच्या घरी नात आली. हे सांगताना आम्ही मुद्दाम सावध राहतो, कारण आमच्याच नात्यातील दुसऱ्या एका मुलीने हे सर्व मनोभावे केले आणि तिला यश आले नाही. तिच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. लहानपणच्या क्षयाचा तो परिणाम होता. पालेभाजीने बंद नळी उघडत नाही. म्हणून वर्षभर प्रयत्न करून दिवस न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. बुवा, गंडे, पुत्रप्राप्तीची चूर्णे यांत ही मोलाची वर्षे दवडू नयेत. त्या मुलीने आणि तिच्या यजमानांनी गेल्या वर्षी एक मुलगी दत्तक घेतली, आणि त्या बारशास आमची भगिनी पहिली ओटी भरण्यास बसली होती.

जाता जाता मंडळाकडे एक मागणे आहे. आपला समाज लहान. फिरून फिरून त्याच शेदीडशे घरांत सोयरिकी होतात आणि मामाच्या मुलीशी विवाहही चालतो. अशा समाजात थॅलेसेमिया किंवा विदर्भ-खानदेशाकडे आढळणारा सिकलसेल यांसारखे दोष दोन्हीकडे सुप्त असण्याचा संभव वाढतो. पतिपत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि हे एका रक्ततपासणीने आधी कळते. वधूवर मेळाव्याच्या अर्जात आपण गोत्र, रास, नाडी आणि उंची विचारतो. त्यातच रक्ततपासणीचा एक रकाना घालावा, त्याची माहिती गुप्त राखण्याची व्यवस्था करावी, आणि तो रकाना वधूइतकाच वरालाही लागू असावा. चिटणिसांनी हा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत मांडावा, अशी विनंती आहे. ज्या भगिनींना डॉक्टर कन्येस काही विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी भोजनोत्तर मागील खोली मोकळी ठेवली आहे. यजमानांस बरोबर घेऊन जावे.